भायखळ्याची ख्राइस्ट चर्च शाळा: जन्म १७१८ चा, १८१५ चा की १९२५ चा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही भायखळ्यात हेरिटेज वॉक घेता. क्लेअर रोडवर, म्हणजे आताच्या मिर्झा गालिब मार्गावर, ख्राइस्ट चर्च शाळेपाशी मंडळी थांबली की कोणीतरी विचारतंच, ‘शाळा किती जुनी?’ तुम्ही शोधायला गेलात तर एका ठिकाणी १७१८ सापडलं, दुसरीकडे १८१५, तिसरीकडे १८२५. त्यात देवळालीचं बार्न्स स्कूल हाच सगळा इतिहास आपला म्हणून सांगतं. मग खरं कोणाचं? शिवाय ‘अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाची) शाळा म्हणजे मिशनऱ्यांनी बाटवायला काढलेली ना?’ हा प्रश्न दर फेरीला येतो, त्याला काय उत्तर द्यावं? आणि हे सगळं पाच मिनिटांत कसं बसवावं?

जुन्या शाळांची आणि ट्रस्टांची दप्तरं लावणं आणि त्यावरून त्यांचे इतिहास लिहून देणं हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग आहे. बहुतेक ठिकाणी पहिली बैठक याच मुद्द्यावर अडते. कमिटीतल्या निम्म्या लोकांना सर्वांत जुनं वर्ष हवं असतं, कारण त्यात मान आहे. उरलेल्यांना असं वर्ष हवं असतं की येत्या दोन-तीन वर्षांत शतक किंवा शतकोत्तर रौप्य काहीतरी बसवता येईल, कारण त्यात देणग्या आहेत. मी मग विचारतो, स्थापना कशाची? शाळा चालवणाऱ्या संस्थेची, जागेची, की आज ज्या प्रकारची शाळा समोर दिसते त्या प्रकाराची? या तिन्हींची वयं क्वचितच जुळतात. भायखळ्याच्या शाळेची तर मुळीच जुळत नाहीत, म्हणून तुम्हाला एवढी वर्षं सापडली. त्यातलं एकही खोटं नाही. प्रत्येक वर्ष वेगळ्याच गोष्टीचं आहे, इतकंच. तेव्हा कुठलं सांगायचं हे थोडं तुम्ही कशासमोर उभे आहात यावर अवलंबून आहे. गेटसमोर उभं राहून सांगायचं असेल तर माझं मत मी पुढे देतो, पण आधी एकेक वर्ष उलगडू.

सर्वांत जुनं टोक भायखळ्याला नाहीच, ते फोर्टात आहे. जेरल्ड ऑन्जिए मुंबईचा गव्हर्नर असताना, १६७० च्या दशकात, इंग्रजांनी चर्च बांधायला घेतलं आणि भिंती काही फूट वर आल्यावर काम जे थांबलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. रिचर्ड कॉब नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री १७१४ साली मुंबईत आला. त्याने वर्गणीसाठी लोकांच्या मागे लकडा लावला आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. तेच आजचं सेंट थॉमस कॅथेड्रल. किल्ल्याच्या तटातल्या त्याच्याकडे जाणाऱ्या दरवाज्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं, हे तुम्ही वॉकमध्ये सांगतच असाल. याच कॉबच्या आवाहनावरून त्याच सुमारास चर्चशेजारी एक धर्मादाय शाळा निघाली. बारा गरीब मुलगे आणि एक मास्तर. राहणं, जेवण, कपडे आणि शिक्षण फुकट. तुमचं १७१८ ते हे.

ही मुलं कोण होती यातच तुमच्या ‘बाटवण्या’च्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. मुंबईत आलेल्या गोऱ्याचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी त्या काळी म्हणच होती. पलटणीतले शिपाई ताप-हगवणीने मरत आणि मागे पोरं उरत. पुष्कळांच्या आया इथल्याच असत. कंपनीच्या १६९८ च्या सनदेतच वखारींत पाद्री आणि गढ्यांमध्ये शाळामास्तर ठेवायचं कलम होतं, ते या पोरांसाठी. प्रॉटेस्टंट बापाची मुलं भीक मागत फिरतील किंवा कॅथलिक पाद्र्यांच्या हाती लागतील ही धास्ती त्यामागे होती. हिंदू, मुसलमान, पारशी मुलांना ख्रिस्ती करून घेणं हा या शाळेचा हेतू नव्हता. कॉब कंपनीचा पगारी नोकर, आणि कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते. रयत बिथरली तर व्यापार बुडेल, हे तिचं साधं गणित. मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली ती १८१३ च्या सनदेनंतर. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. त्यांच्या शाळा आणि ही शाळा एकाच गाठोड्यात बांधू नका. धर्मशिक्षण इथेही होतं, प्रार्थना होती, बायबल होतं, पण ते त्यांच्याच मुलांना त्यांच्याच पंथात धरून ठेवण्यासाठी.

कॉबची शाळा शंभर वर्षं छोटीच राहिली. १८१३ च्या सनदेने दोन गोष्टी केल्या. हिंदुस्थानातल्या लोकांच्या शिक्षणासाठी वर्षाला निदान एक लाख रुपये बाजूला काढायचं कलम घातलं, ते शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पाठ केलंय. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कलकत्त्याला एक बिशप आणि कलकत्ता, मद्रास, मुंबईला प्रत्येकी एक आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री, नेमायची तरतूद त्याच सनदेत होती. मुंबईचा पहिला आर्चडीकन जॉर्ज बार्न्स. त्याने पाहिलं की बारा-पंधरा मुलांची शाळा आणि शहरात शेकडो पोरं मोकाट. जानेवारी १८१५ मध्ये त्याने वर्गणीदारांची एक संस्था उभी केली. तीच बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. कॉबची धर्मादाय शाळा तिने आपल्या पदराखाली घेतली. मुलांबरोबर मुलींनाही घेतलं, आणि शाळेतच राहणाऱ्या बोर्डरांबरोबर घरून येणाऱ्यांनाही. आज ‘को-एड डे स्कूल’ म्हणून जे ओळखलं जातं त्याची दोन्ही बीजं इथे पडली. मात्र तेव्हाचं सहशिक्षण म्हणजे आजच्यासारखं एका बाकावर मुलगा-मुलगी असं डोळ्यांपुढे आणू नका.

शिकवण्याची पद्धत डॉ. अँड्र्यू बेल यांची. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं आणि मास्तराने वरून लक्ष ठेवायचं. बेल मद्रासच्या लष्करी अनाथालयात असताना त्यांनी तिथल्या देशी शाळेत पोरं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली आणि ती रीत उचलली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर आणि मोठ्या पोरांच्या भरवशावर हेच चाललं होतं. ती रीत मद्रासहून इंग्लंडला गेली, तिथे तिची चळवळ झाली आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून पुन्हा समुद्र ओलांडून मुंबईला आली. स्वस्त होती हे तिच्या लोकप्रियतेचं मुख्य कारण.

आता मराठी माणसाने जरा सरसावून ऐकावं असा भाग. तुमच्या वॉकमध्ये हा नसेल तर जरूर घाला, कारण यासाठीच मला ही शाळा कॅथेड्रल अँड जॉन कॉननसारख्या जास्त गाजलेल्या शाळांपेक्षा महत्त्वाची वाटते.

सोसायटीने युरोपियन मुलांबरोबर देशी मुलांसाठीही शाळा काढून पाहिल्या. १८१९ अखेरीस माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर म्हणून आला. पेशवाई नुकतीच बुडाली होती, त्यामुळे या मुलखाचं शिक्षण कसं असावं हा प्रश्न त्याच्यापुढे अगदी रोखठोक होता. १८२० मध्ये सोसायटीने देशी शाळा आणि शाळेची पुस्तकं यांसाठी एक वेगळी समिती नेमली. लवकरच लक्षात आलं की चर्च ऑफ इंग्लंडच्या तत्त्वांवर चालणाऱ्या संस्थेला हे झेपणारं नाही. वर्गणीदारांचा पैसा ख्रिस्ती मुलांसाठी होता, आणि बायबल असलेल्या शाळेत शेणवी, प्रभू, ब्राह्मण, पारशी आपली मुलं घालणार नव्हते. म्हणून १८२२ मध्ये ही समिती वेगळी होऊन स्वतंत्र संस्था झाली. मराठीत तिला हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी म्हणत. पुढे १८२७ मध्ये तिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झालं. सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे हे तिचे देशी चिटणीस. बाळशास्त्री जांभेकर तिथेच काम करत पुढे आले. मराठी क्रमिक पुस्तकं छापणं, शिक्षक तयार करून जिल्ह्यांत पाठवणं, मुंबईत इंग्रजी शाळा चालवणं हे सगळं या संस्थेने केलं. दादाभाई नौरोजी तिच्याच शाळेतले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनची मुळंही तिथेच. म्हणजे सैनिकांच्या अनाथ पोरांसाठी काढलेल्या एका चर्चवाल्या संस्थेच्या पोटातून मराठी शालेय शिक्षणाची पहिली यंत्रणा निघाली, आणि निघाली ती चर्चपासून फारकत घेऊन. मूळ संस्था आपल्या मुलांकडे परत वळली.

वळली ती भायखळ्याला. फोर्टात जागा पुरेना, सरकारने भायखळ्यात जमीन दिली आणि १८२५ च्या सुमारास तिथे नव्या इमारती झाल्या. देणगीदारांत सर जमशेटजी जीजीभॉयही होते. अँग्लिकन शाळेला पारशी व्यापाऱ्याचा पैसा, यात मुंबईत नवल काही नाही. तेव्हाचं भायखळा तुम्ही लोकांना डोळ्यांपुढे आणून द्यायला हवं. घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, बागा, साहेबांचे बंगले, भरपूर हवा. लेकरांना गावाबाहेरच्या निरोगी जागी ठेवायचं म्हणून ही जागा. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे शेजारून गेली, मग गिरण्या आल्या, मग चाळी. १८९६ चा प्लेग आला तोवर निरोगी जागा हे कारण पार उलटं झालं होतं. तुम्ही ज्या रस्त्यावर उभे असता त्याला नाव मिळालं लॉर्ड क्लेअरचं. तो १८३१ ते १८३५ गव्हर्नर होता, म्हणजे रस्त्याच्या इंग्रजी नावापेक्षाही शाळेची जागा जुनी.

अशा शाळांचा खरा इतिहास कुठे सापडतो विचाराल तर जनरल रजिस्टरात. ही भायखळ्याबद्दलची माहिती नाही. याच जातीच्या दुसऱ्या एका शाळेचं दप्तर मी लावलं, तिथलं सांगतो. जाड पुठ्ठ्याची, कातडी पाठीची लांबट वही. रकाने असे: नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, बापाचा धंदा, बोर्डर की डे, फी कोण भरणार. बापाच्या धंद्याच्या रकान्यावरून नुसतं बोट खाली खाली नेत जा. सुरुवातीला गनर, सार्जंट आणि खूप ठिकाणी ‘मयत’. मग रेल्वेचे गार्ड, इंजिन ड्रायव्हर, फिटर. मग टेलिग्राफ, कस्टम्स, पोर्ट ट्रस्ट. १९४७ नंतर चार-पाच वर्षं दाखले नेण्याच्या नोंदी दाटीने येतात आणि शेऱ्यात एकच कारण पुन्हा पुन्हा: इंग्लंडला किंवा ऑस्ट्रेलियाला प्रस्थान. त्यानंतर त्याच रकान्यात कापडाचे व्यापारी, डॉक्टर, बँकेतले कारकून दिसू लागतात. बाप्तिस्म्याचा रकाना छापलेला तसाच राहतो, फक्त त्यात आडव्या रेघा येत जातात. ‘बोर्डर की डे’मध्येही तसंच, ‘बो’ विरळ होत ‘डे’ भरत जातात. मोठमोठ्या भाषणांच्या फायलींपेक्षा हे दोन रकाने मला जास्त खरं सांगतात.

भायखळ्यातही दिवसा येणारी मुलं वाढत गेली आणि बोर्डरांपेक्षा जास्त झाली. रेल्वेमुळे आणि ट्रामने येणंजाणं सोपं झालं, आणि गिरणगावाच्या मधोमध वसतिगृह चालवणं दर वर्षी अवघड होत गेलं. सोसायटीने निर्णय घेतला की बोर्डरांना शहरातून हलवायचं. नाशिकजवळ देवळालीला, छावणीच्या शेजारी, अडीचशे एकरांहून जास्त जमीन घेतली. १७ नोव्हेंबर १९२३ ला गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या हस्ते तिथल्या इव्हान्स हॉल या इमारतीची कोनशिला बसली आणि २९ जानेवारी १९२५ ला त्यांच्यानंतरचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी शाळेचं उद्घाटन केलं. नाव दिलं १८१५ वाल्या आर्चडीकनचं: बार्न्स. भायखळ्याचे बोर्डर, मुलगे आणि मुली दोघंही, तिकडे गेले. घरून येणारी मुलं भायखळ्यातच राहिली, जुन्याच जागेवर.

मग मूळ शाळा कुठली? बार्न्सवाले म्हणतात इतिहास आमचा, तर ते खोटं बोलत नाहीत. फुकट राहणं-जेवण देणारी शाळा ही कॉबची कल्पना होती आणि ती परंपरा देवळालीला गेली. भायखळ्याने म्हटलं आम्हीच मूळ, तर तेही बरोबर, कारण जागा तीच आणि सोसायटीही तीच. दोन भाऊ वेगळे निघाले की कुलदैवत दोघांचंही राहतं, तसं आहे हे. माझ्या कामात अशा वेळी मी एक नियम पाळतो: सामाईक इतिहास दोन्हीकडे लिहायचा, पण फाटा फुटल्याची तारीख दोन्हीकडे ठळक द्यायची. ती गाळली की घोळ सुरू होतो.

म्हणून गेटसमोर सांगायचं माझं मत असं. संस्था १८१५ ची म्हणा, कारण सोसायटीच्या स्थापनेचं ते वर्ष पक्कं आहे. तिची पूर्वपीठिका १७१८ च्या सुमाराच्या धर्मादाय शाळेत आहे, जागेवर ती १८२५ पासून आहे, आणि आज दिसते तशी निव्वळ डे स्कूल म्हणून तिचा हिशेब १९२५ पासून. एवढी दोन वाक्यं लोकांना पुरतात. प्रश्न विचारणारा चिकट निघाला तरच खोलात शिरा. १७१८ वर फार जोर मात्र देऊ नका. बारा मुलांच्या त्या शाळेपासून धागा सलग येतो हे खरं, पण ‘तीनशे वर्षं जुनी शाळा’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीनशे वर्षं हीच इमारत येते.

‘अँग्लिकन असून स्वतंत्र’ हे कसं, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. यात लोकांना वाटतं त्यापेक्षा गुंता कमी आहे. शाळा बिशपच्या मालकीची नसते, ती सोसायटीची किंवा ट्रस्टची असते, आणि त्या सोसायटीच्या घटनेत चर्चच्या अधिकाऱ्यांना जागा असते. चर्च स्वतः बदलत गेलं तरी ट्रस्ट चालूच राहिला. मुंबईला पहिला बिशप १८३७ मध्ये मिळाला. १९३० मध्ये इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकनांसह सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तेव्हापासून काटेकोर बोलायचं तर इथे अँग्लिकन चर्च उरलेलं नाही, परंपरा उरली आहे. एखाद्या शाळेवर नेमका कोणाचा किती ताबा आहे हे गप्पांवरून ठरवू नका. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टच्या नोंदीचा उतारा मिळतो, शेड्यूल वन म्हणतात तो. विश्वस्त कोण आणि नेमतं कोण, सगळं त्यात असतं.

पण या शाळांचं रूप सर्वांत जास्त बदललं ते चर्चमुळे नाही, एका कोर्टकचेरीमुळे. आणि त्या खटल्यात एक बाजू नेमकी आपल्याच सोसायटीची होती.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम ३३७ ने अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपियन बाप आणि देशी आई यांच्या वंशजांच्या, शाळांची जुनी अनुदानं दहा वर्षांसाठी, दर तीन वर्षांनी दहा टक्के कमी करत, चालू ठेवली. अट एक होती: दर वर्षीच्या प्रवेशांपैकी निदान चाळीस टक्के जागा इतर समाजांतल्या मुलांना खुल्या हव्यात. मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना मुंबई सरकारने ६ जानेवारी १९५४ ला एक आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक यांखेरीज कोणालाही नवा प्रवेश द्यायचा नाही. बाकीच्या मुलांनी मातृभाषेत शिकावं हा सरकारचा युक्तिवाद. मातृभाषेचा मुद्दा पोकळ नव्हता, मीही मराठी माध्यमात शिकलोय. पण आदेशाची तऱ्हा अशी की मुलाची जात-वंश पाहून शाळेचं दार उघडायचं की लावायचं हे ठरणार. आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं देश सोडून चाललेली, म्हणजे या शाळा काही वर्षांत आपोआप बंद पडल्या असत्या. सोसायटी बार्न्स शाळेच्या वतीने कोर्टात गेली, प्रवेश नाकारलेल्या मुलांचे दोन पालकही गेले. मुंबई उच्च न्यायालयात सरकार हरलं. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५४ ला सरकारचं अपील फेटाळलं. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांवरून प्रवेश नाकारता येणार नाही, हे कलम २९(२) आदेशाच्या आड आलं. शिवाय चाळीस टक्क्यांची अट पाळायला सांगायची आणि प्रवेशही बंद करायचे, हे दोन्ही सरकारला एकदम करता येणार नव्हतं.

आज मुंबई-पुण्यातल्या अशा शाळांच्या वर्गांत देशमुख, शेख, मेहता, डिसोझा शेजारी बसतात याला या निकालाचा मोठा हातभार आहे. तुमच्या श्रोत्यांत हमखास कोणीतरी अशा शाळेतून शिकलेलं असतं, त्यांना हा खटला सांगून बघा. बहुतेकांनी कधी ऐकलेला नसतो. ‘या शाळांमध्ये आयसीएसई का असतं?’ याचंही उत्तर याच काळात आहे. पूर्वी इथली मुलं केंब्रिजची परीक्षा देत. तिच्या जागी देशी परीक्षा आणायला अँग्लो-इंडियन शिक्षण मंडळाने पुढाकार घेतला आणि १९५८ मध्ये आयसीएसई घेणारं कौन्सिल उभं राहिलं.

तुलनेसाठी कॅथेड्रल अँड जॉन कॉनन सांगायला हरकत नाही, कारण लोक विचारतातच. तिथला गुंता उलट्या बाजूचा. भायखळ्यात एका शाळेच्या दोन झाल्या, तिथे अनेकांची एक झाली. बिशप हार्डिंग यांच्या वेळची १८६० ची ग्रामर स्कूल, मुलींची छोटी शाळा, कॅथेड्रलला गायक पुरवण्यासाठी १८७५ मध्ये निघालेली क्वायर स्कूल हा अँग्लिकन धागा. दुसरा धागा स्कॉटिश लोकांचा. त्यांच्या शाळेला जॉन कॉनन या मुंबईच्या मुख्य मॅजिस्ट्रेटचं नाव होतं. १९२२ मध्ये दोन्ही अँग्लो-स्कॉटिश एज्युकेशन सोसायटीखाली आल्या, म्हणून नावात दोघं. होमी भाभा तिथले. माहीमची बॉम्बे स्कॉटिश मात्र यात ओढू नका. ती वेगळी, प्रेस्बिटेरियन परंपरेतली. वॉकमध्ये हा गोंधळ फार होतो.

राहिला कागदांचा प्रश्न. तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचं असेल तर सुरुवात मुंबई शहर आणि बेटाच्या जुन्या गॅझेटियरपासून करा, तिथे शिक्षणाच्या प्रकरणात या संस्थांवर नोंदी आहेत. मग काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे शिक्षण खात्याच्या फायली वर्षवार मिळतात. मागणीपत्रात विषय जितका नेमका लिहाल तितका बस्ता लवकर हाती येतो, नाहीतर दिवस बाकावर बसून जातो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल इंटरनेटवर सहज मिळतो, तो मात्र पूर्ण वाचा. शाळेचा आणि सोसायटीचा थोडक्यात इतिहास न्यायमूर्तींनी त्यात स्वतःच मांडलाय, आणि न्यायालयासमोर आलेली माहिती म्हणून ती स्मरणिकेतल्या माहितीपेक्षा वजनदार.

शेवटचं, वॉकबद्दल. शाळेच्या आत माणसं न्यायची असतील तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज आधी द्या, किती जण आणि किती वेळ हे त्यात लिहा, आणि सुट्टीचा दिवस मागा. मुलं आवारात असताना फोटो काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. परवानगी नाही मिळाली तर शाळेला ज्याचं नाव आहे ते ख्राइस्ट चर्च पाहून घ्या आणि तिथेच उभं राहून हे सगळं सांगा. आर्चडीकन बार्न्सचा भाग मात्र शाळेसमोर सांगण्याऐवजी सेंट थॉमस कॅथेड्रलच्या फेरीसाठी राखून ठेवा, तो तिथे जास्त शोभतो.